भूल फक्त पायाला!

पावसाळा लागला की आपल्या प्रत्येक ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो हमखास पडतात. पहिला, राजमाचीच्या धुक्यात हात पसरून उभं राहिल्याचा. दुसरा, त्यानंतर दोनच दिवसांनी, पांढऱ्याशुभ्र प्लास्टरचा! खाली ‘गेट वेल सून’, चार-पाच हसरे चेहरे आणि ‘पार्टी कधी?’

हाडं मोडून घेण्यात आपली पिढी एकदम तरबेज. वीकेंडचे ट्रेक, रात्री अकराचं टर्फ फुटबॉल, खड्डे चुकवत हाणलेली टू-व्हीलर... घोटा, नडगी, टाच, गुडघ्याखालचा सगळा इलाखाच डेंजर झोनमध्ये! मग ऑपरेशन ठरतं. सर्जन कोण, प्लेट कुठल्या मेटलची, इन्शुरन्स कॅशलेस आहे ना, लॅपटॉप वॉर्डात चालतो का, सगळी चौकशी होते. एकच माणूस सुटतो. ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं येऊन ‘दात हलतो का? दमा आहे का? सकाळपासून काही खाल्लं?’ एवढं विचारून जाणारा. भूलतज्ज्ञ. आणि बॉस, ऑपरेशननंतरची तुमची पहिली रात्र कशी जाणार, हे बरंचसं त्याच्या हातात असतं!

नसेवर नस

गेल्या पावसाळ्यात माझी मावसबहीण लोहगड उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर घसरली. वय २७, नोकरी बाणेरला, रविवारी गड आणि सोमवारी प्रेझेंटेशन असा तिचा फंडा. उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. प्लेट आणि स्क्रू टाकायचे ठरले. मावशीला हाडापेक्षा जास्त टेन्शन भुलेचं. “कमरेत इंजेक्शन नको गं बाई! शेजारच्या वहिनींची कंबर त्यानंतर जी धरली ती धरलीच.” आणि मग माझ्याकडे वळून, “तू पत्रकार ना? मग तूच विचार डॉक्टरांना.”

विचारलं. (कमरेतल्या इंजेक्शनने कंबर जन्मभर दुखते, हा घरोघरचा समज अभ्यासात टिकलेला नाही, हे मावशीला त्याच वेळी कळलं. पटलं की नाही, ते विचारू नका.) भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, “कमरेतली भूल ऑपरेशनपुरती. दोन-चार तासांत उतरेल. खरं दुखणं त्यानंतरचं असतं. त्यासाठी आपण हिच्या पायाला नर्व्ह ब्लॉक देऊ. सोनोग्राफीत बघून.”

सोनोग्राफी? पायाची? मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आता आपल्या मराठीची एक गंमत आहे. रक्तवाहिनी म्हणजेही नस, मज्जातंतू म्हणजेही नस, आणि मानेत लचक भरली की ‘नसेवर नस चढली’! इथे नस म्हणजे नर्व्ह, मेंदूपर्यंत ‘दुखतंय’ हा निरोप पोहोचवणारी वायर. घोटा आणि पाऊल यांच्याकडून असे निरोप पाच नर्व्ह्‌ज नेतात. पाचातल्या चार एकाच मोठ्या नर्व्हच्या फांद्या. तिचं नाव सायॅटिक. हो, ज्या सायटिकाने ऑफिसच्या खुर्चीतले निम्मे लोक कण्हत असतात, तीच ही नर्व्ह. ती मांडीच्या मागून खाली येते आणि गुडघ्यामागच्या खळग्याच्या जरा वर तिच्या दोन शाखा होतात. पाचवी, सॅफेनस, वेगळ्या घराण्यातली. ती मांडीच्या पुढच्या मोठ्या नर्व्हपासून निघते आणि घोट्याच्या आतल्या बाजूपर्यंत जाते.

म्हणजे हिशेब सोपा. गुडघ्यामागे एक इंजेक्शन, मांडीच्या आतल्या बाजूला दुसरं. दोन टोचण्यांत घोट्याच्या पाचही वायरी बंद! दाढ काढताना डेंटिस्ट ओठ बधिर करतो ना, औषध त्याच खानदानातलं. फक्त जास्त वेळ टिकणारं, म्हणजे ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन. डेंटिस्टची भूल दोन-तीन तासांत उतरते. गुडघ्यामागचा ब्लॉक साधारण १२ ते २४ तास चालतो.

मग कमरेत इंजेक्शन द्यायचंच कशाला? कारण ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव थांबवायला बऱ्याचदा मांडीला घट्ट पट्टा बांधतात. ब्लॉक गुडघ्याखालच्या भागाचा, मांडीवरच्या त्या दाबाला तो पुरत नाही. म्हणून ऑपरेशनपुरती कमरेतली किंवा पूर्ण भूल आणि नंतरसाठी ब्लॉक, अशी जोडी लावतात.

आंधळ्या कोशिंबिरीपासून स्क्रीनपर्यंत

नर्व्ह बधिर करण्याची आयडिया नवी नाही. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. सिग्मंड फ्रॉइड त्याचा मित्र, आणि त्याने कोलरला टोपणनाव दिलं ‘कोका कोलर’! थोड्याच काळात न्यूयॉर्कला विल्यम हॅल्स्टेड या सर्जनने नर्व्हजवळ कोकेन टोचून बघितलं. प्रयोग स्वतःवरही केले, आणि त्यात त्याला कोकेनचं व्यसन जडलं. पुढे कमी धोक्याची औषधं आली.

अडचण एकच उरली. नर्व्ह दिसत नाही! शंभरेक वर्षं डॉक्टर हाडांच्या खुणा बोटाने चाचपून अंदाजाने सुई घालायचे. सुई नर्व्हला लागली की पेशंटच्या पायात करंट गेल्यासारखी झिणझिणी यायची, म्हणजे पत्ता बरोबर. मग सुईतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडून पाऊल उडतंय का ते बघायची पद्धत आली. आंधळी कोशिंबीरच, फक्त पट्टी जरा सैल!

१९९४ मध्ये, पुन्हा व्हिएन्नातच, डॉक्टरांच्या एका टीमने हाताच्या ब्लॉकसाठी सोनोग्राफी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. कोलरनंतर बरोबर ११० वर्षांनी, त्याच शहरात. पुढे ही टेक्निक जगभर पसरली. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने तिच्यावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

स्क्रीनवर काय दिसतं? सगळं काळं-करडं. मध्ये रक्तवाहिनी धकधकते. तिच्याजवळ नर्व्ह, ठिपक्याठिपक्यांची, मधाच्या पोळ्याचा तुकडा कापून ठेवल्यासारखी. सुई म्हणजे एक चमकती रेघ. रेघ नर्व्हच्या शेजारी येते, औषध सुटतं आणि नर्व्हभोवती काळं तळं साचतं. नर्व्हमध्ये टोचायचं नाही, तिला औषधाने वेढायचं. अख्खी कला एवढ्यातच आहे.

याचा फायदा कुठे? सुई रक्तवाहिनीपासून लांब ठेवता येते. हे औषध चुकून जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २०,०००हून जास्त पेशंटच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये आला. सोनोग्राफी वापरली तिथे हा धोका ६५ टक्क्यांहून जास्त कमी आढळला. मात्र नर्व्हला होणारी इजा सोनोग्राफीमुळे ठळकपणे कमी झाली, असं अजून छातीठोकपणे म्हणता येत नाही. ही इजा एरवीही क्वचितच होते. झालीच तर बहुतेकदा काही दिवस किंवा आठवडे मुंग्या येतात, थोडा बधिरपणा राहतो आणि मग जातो. कायमची इजा काही हजारांत एखाद्याला. क्वचित म्हणजे शून्य नाही, त्यामुळे सही करण्याआधी हे ऐकून घ्यायचंच.

येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही

हॉस्पिटलमधला हा बोर्ड आपल्या इतका डोळ्यांखालून गेलेला असतो की तो वाचलाच जात नाही. पण घोट्याच्या ऑपरेशनशीही त्याचा संबंध आहे! महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन त्याखाली नोंदवावं लागतं, भूलतज्ज्ञ ते फक्त हातापायांसाठी वापरत असले तरी. मशीन पिशवीत टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात असं सहज फिरवता येत नाही. कायदा का आहे ते आपल्याला चांगलंच माहीत आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे सोनोग्राफीवर ब्लॉक देतात का?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या कौशल्याचा जेवढा, तेवढाच त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नोंदणी झालेलं मशीन आहे की नाही, याचाही.

पहाटे चार

माझ्या बहिणीला दुपारी दोनच्या सुमाराला ब्लॉक दिला. संध्याकाळी सहापर्यंत कमरेतली भूल उतरली. डावा पाय हलायला लागला, उजवा मात्र गुडघ्याखाली ओंडका! “ताई, एकदम झकास! हा पाय माझा नाहीच वाटत,” इति पेशंट. तिने खिचडी खाल्ली, मेल बघितल्या, प्लास्टरचा फोटो ग्रुपवर टाकला. नऊ वाजता सिस्टर गोळी घेऊन आल्या. “दुखतच नाहीये, मग गोळी कशाला?” सिस्टरनी फाइल बघितली. फाइलवर लिहिलं होतं, ‘दुखल्यास’. गोळी परत गेली.

भूलतज्ज्ञ मॅडमनी दुपारी वेळेवर गोळ्या द्यायला सांगितलं होतं. पण ड्यूटी बदलली आणि तोंडी सांगितलेलं फाइलपर्यंत आलंच नाही. पहाटे चारला ब्लॉक उतरला. हळूहळू वगैरे नाही, अर्ध्या-पाऊण तासात! ती उशीत तोंड खुपसून रडत होती. ऑफिसात कोणाला न जुमानणारी मुलगी मावशीचा हात धरून “आई, काहीतरी कर गं” एवढंच म्हणत होती. गोळी दिली, तिला चढायला वेळ. इंजेक्शन सांगितलं, डॉक्टर यायला वेळ. दुखणं आटोक्यात येईपर्यंत सात वाजले.

याला इंग्रजीत ‘रिबाउंड पेन’ म्हणतात. ब्लॉक जखम बरी करत नाही, तो फक्त निरोप अडवतो. हाडाला भोकं पाडलीत, कातडी कापलीय, सूज चढतेय, हे सगळं आत चालूच असतं. वायर सुरू झाली की साठलेले निरोप एकदम येऊन धडकतात. तेही नेमके मध्यरात्रीनंतर, वॉर्डात माणसं कमी असताना. कारण दुपारी दिलेला ब्लॉक उतरायची वेळच ती!

उपाय महागडा नाही. साधी दुखण्याची गोळी ब्लॉक चालू असतानाच, दुखत नसतानाच, घड्याळाच्या काट्यावर घ्यायची. म्हणजे वायर सुरू होईल तेव्हा गोळीचा असर आधीच रक्तात असेल. फाइलवर ‘दुखल्यास’ऐवजी वेळ हवी. कुठली गोळी आणि किती, हे डॉक्टर ठरवतील, कारण कोणाला अॅसिडिटी असते, कोणाची किडनी नाजूक असते, कोणाला दमा. दुखणं लांबणार असेल तर नर्व्हजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस थोडं थोडं औषध सोडायची सोयही काही ठिकाणी असते.

ओंडका सांभाळा

दुसरी गोष्ट. सुन्न पाय म्हणजे बरा झालेला पाय नव्हे. तो तुमचं वजन पेलणार नाही, आणि पेलत नाहीये हे तुम्हाला सांगणारही नाही! ‘बाथरूमपर्यंतच तर जायचंय’ म्हणून एकट्याने उठलेले लोक दुसरं फ्रॅक्चर घेऊन परत येतात. कोणीतरी सोबत हवंच. आजीने प्रेमाने आणलेली गरम पाण्याची पिशवी लांब ठेवा. कातडी भाजली तरी कळणार नाही. पाय उशीवर उंच ठेवा, टाच एकाच जागी दाबून राहू देऊ नका.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर, खासकरून नडगीचं हाड मोडलं असेल तर. पोटरीतले स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. आत सूज किंवा रक्त साठून दाब वाढला तर रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. याला ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. उपाय एकच, तातडीने ऑपरेशन करून आवरण मोकळं करणं. त्याची पहिली खूण म्हणजे प्रमाणाबाहेर दुखणं. मग ब्लॉकने ती खूणच झाकली गेली तर? या भीतीने कित्येक सर्जन नडगीच्या फ्रॅक्चरला ब्लॉक नको म्हणतात. ही भीती उगाच नाही.

यावर २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना दिल्या. मथितार्थ असा, की औषध सौम्य ठेवलं, ब्लॉक लांबवणारी जोडऔषधं टाळली आणि पायावर सतत लक्ष ठेवलं, तर अशा ब्लॉकमुळे निदानाला उशीर होत नाही. यातला ‘सतत लक्ष’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रात्री कोणी बोटं हलवून बघणार नसेल, पोटरी चाचपणार नसेल, तर सर्जनचं ‘नको’ ऐका.

आणि तुमच्यासाठी खूण अशी. ब्लॉक चालू आहे, गोळ्याही चालू आहेत, तरी पोटरी फुटेल असं दुखतंय किंवा प्लास्टर आवळल्यासारखं वाटतंय, बोटं पांढरी किंवा निळी पडलीत, कोणी बोटं ताणली की कळ मस्तकात जातेय... तर ‘सकाळी सांगू’ म्हणायचं नाही. बेल दाबायची. कोणी आलं नाही तर परत दाबायची. ‘फार नाजूक बाई पेशंट’ म्हणाले तर म्हणू देत!

पाच मिनिटांत पाच प्रश्न

भूलतज्ज्ञ तुम्हाला पाच मिनिटं भेटतात ना? मग पाच प्रश्न तयार ठेवा.

१. माझ्या ऑपरेशनला नर्व्ह ब्लॉक चालेल का? नसेल तर का नाही?

२. सोनोग्राफीत बघून देणार का? औषध रक्तात गेलं तर त्याचा उतारा थिएटरमध्ये आहे का? (नसेतून द्यायचं फॅटचं पांढरं औषध असतं. विचारायला लाजू नका.)

३. ब्लॉक साधारण किती वाजता उतरेल?

४. दुखण्याची पहिली गोळी किती वाजता? ते फाइलवर लिहून द्याल का?

५. रात्री काही वाटलं तर कोणाला फोन करायचा?

आणि तुम्ही न विसरता सांगायच्या गोष्टी म्हणजे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, आधीपासून पायात मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, भुलेच्या इंजेक्शनची कधी अॅलर्जी आली होती का, डायबिटीस आहे का. डायबिटीसने नर्व्ह आधीच नाजूक झालेल्या असतात. ब्लॉक जास्त वेळ टिकू शकतो आणि डॉक्टरांना जरा जपून चालावं लागतं.

डायबिटीस म्हटलं की आपल्याला आपलं नाही, आई-बाबांचं आठवतं. बरोबरच आहे. बाबांच्या पायाची जखम चिघळली, बोटाचं ऑपरेशन करायचंय आणि हृदय पूर्ण भूल झेपण्याइतकं दणकट नाही, अशा वेळी गुडघ्याखालचा ब्लॉक हा मोठा आधार असतो. माणूस जागा, बोलता, आणि भूल फक्त पायाला! तेव्हा हे प्रश्न विचारायला बाबांच्या पलंगाशेजारी तुम्हीच उभे असणार. बाबा स्वतः विचारणार नाहीत. त्यांच्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा वाटतो.

म्हणून एक छोटंसं काम. ब्लॉक किती वाजता दिला ते थिएटरबाहेर आल्या-आल्या विचारा आणि मोबाइलमध्ये टाका. डॉक्टरांनी सांगितलेल्या पहिल्या गोळीच्या वेळेचा अलार्म लावा. पेशंट ‘दुखत नाहीये’ म्हणाला तरी अलार्म बंद करू नका, गोळी द्या.